तडितचा सतरावा सीझन

गुरुवारी दुपारी तबस्सुमचा फोन आला तेव्हा ऋतुजा निकम सातवीच्या भूगोलाची प्रुफं तपासत होती. शालेय पुस्तकांच्या छपाईत ती मुद्रितशोधक होती. यंत्रानं आधीच तपासलेल्या मजकुरातल्या राहिलेल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम.

"बघितलास का पाचवा भाग?" तबस्सुमनं विचारलं. तबस्सुम मुजावर मिरजेची. 'तडित' मालिकेच्या चाहत्यांचा कोल्हापूरला मेळावा भरला होता, तिथली ही ओळख. त्याच मेळाव्यात ऋतुजाला धैर्यशीलही भेटला होता. तिसऱ्या सीझनच्या वेळी ते भेटले आणि पाचव्या सीझनच्या वेळी लग्न झालं. आता सन २०४१ होतं आणि सतरावा सीझन चालू होता.

"बघितला. काय तो भाग! संपता संपेना," ऋतुजा म्हणाली. "यंदा लिहिणाऱ्यांना झालंय काय? इंदुमती मार्तंडची बहीण आहे हे आम्हाला माहीत नाही का? एका भागात नऊ वेळा सांगतात. मी मोजलं."

"नऊ वेळा? कुठं? एकदाच तर म्हणाली ती, दवाखान्यात."

"अगं, जिन्यात म्हणते. मग मार्तंड फोटो बघतो तेव्हा. मग तो पोलीसवाला म्हणतो, 'तुमची बहीण इंदुमती.'"

"फोटो? कुठला फोटो?" तबस्सुम म्हणाली. "ऋतुजा, तुझ्याकडं भाग किती मिनिटांचा होता?"

"एकाहत्तर."

"माझ्याकडं चव्वेचाळीस."

'तडित' म्हणजे मार्तंड घोरपडेची गोष्ट. खांबावर चढलेल्या या वायरमनवर वीज पडते, आणि त्या दिवसापासून तो तारांमधून वाहत कुठंही पोहोचू शकतो. पहिले तीन सीझन लोकांनी डोक्यावर घेतले होते. चौथ्यात मार्तंडचा जुळा भाऊ उगवला. पाचवा अख्खा पाण्याखाली झाला, कारण निर्मात्याला कुठूनतरी एक भलीमोठी टाकी मिळाली होती. सातव्यात नट बदलला आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आठवा मात्र असा जमला की मार्तंडच्या आईच्या मृत्यूला धैर्यशील उठून गॅलरीत गेला होता. दहावा आणि अकरावा बघवत नव्हते. मित्रमंडळी एकेक करून गळाली. हे दोघं टिकले. "वाईट सीझनमध्ये सोडून जातो, त्याला चांगला बघायचा हक्क नाही," असं धैर्यशील म्हणायचा आणि रविवारी सात वाजता फोन बंद करून पडद्यासमोर बसायचा.

म्हणून यंदाच्या रटाळ सीझनचं ऋतुजाला नवल वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं, असेल, अकराव्यासारखा आणखी एक. पण आता तबस्सुमनं आपल्याकडचे प्रसंग एकामागून एक सांगितले आणि ऋतुजा ते स्वतः बघितलेल्यांशी ताडून बघू लागली. गोष्ट तीच होती. तबस्सुमची वेगानं धावत होती. ऋतुजाची दर चार पावलांवर थांबून मागं वळून बघत होती.

शुक्रवारी तिनं मालिका दाखवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तीन यंत्रांशी बोलून झाल्यावर एक माणूस लाभला. ईशिता नावाची इंजिनिअर होती, आवाजावरून तिशीतली.

"तुमच्याकडे 'सोबत' चालू आहे," ईशिता म्हणाली. "पंधराव्या सीझनपासून. तुम्हीच होकार दिलाय."

ऋतुजाला अंधूक आठवलं. पडद्यावर एक प्रश्न आला होता: मालिका तुमच्या सोयीनं उलगडावी का? तिनं हो दाबलं होतं. कोण नाही म्हणेल?

"पण ती करते काय?"

ईशितानं समजावून सांगितलं. आपली नजर कधी स्थिर नसते, सेकंदाला तीन-चार उड्या मारत असते. ओळखीचा चेहरा दिसला तर दोन ठिकाणी टेकते आणि पुढं सरकते, कारण बाकीचं मेंदूला पाठ असतं. अनोळखी चेहऱ्यावर मात्र ती भिरभिरते. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी असं सगळं गोळा करते. आठवायला जोर लावावा लागला की डोळ्यातली बाहुली रुंदावते. हे काही ठरवून करता येत नाही आणि लपवताही येत नाही. पडद्यावरचा कॅमेरा एवढंच टिपतो. प्रेक्षकाला एखादं पात्र किंवा मागची घटना आठवत नाही असं दिसलं, की यंत्र तिथल्या तिथं अर्ध्या-एक मिनिटाचा प्रसंग तयार करून मध्ये घालतं. कुणीतरी नाव घेतं, कुणी जुना फोटो बघतं. प्रेक्षकाला कळतही नाही की आपल्याला हात दिला गेला. त्याला फक्त गोष्ट समजत राहते, आणि तो मालिका सोडत नाही.

"म्हणजे मला आठवत नाहीये," ऋतुजा म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून ऐकू आला.

"मी तसं म्हटलं नाही मॅडम. आम्ही डॉक्टर नाही. आम्हाला तसं काही सांगायची परवानगीही नाही."

"मग एवढं सांगा, हे वाढतंय का?"

ईशिता आवाज उतरवून म्हणाली, "आधाराची पातळी असते, शून्य ते दहा. तुमच्या घरची मागच्या वर्षी दोन होती. आता सहा आहे." आणि मग घाईघाईनं, "खोलीत एकाहून जास्त माणसं असतील तर यंत्र जो मागं पडतोय त्याच्या चालीनं चालतं. तुम्ही एकदा एकट्यानं बघा. आणि माझं नाव कुठं घेऊ नका, प्लीज. असं विचारणाऱ्या तुम्ही या आठवड्यातल्या सहाव्या आहात."

त्या दिवशी ऋतुजा स्वतःवर पाळत ठेवून जगली. गॅसवर दूध ठेवलं आणि शेजारीच उभी राहिली. दुकानात चार वस्तू आठवून आणल्या, पाचवी राहिली, तर भर रस्त्यात थांबून ती यादी पुन्हा पुन्हा मोजत राहिली. तिची कऱ्हाडची थोरली मावशी शेवटी स्वतःच्या मुलीला 'बाई, तुम्ही कोण' असं विचारत गेली होती. ऋतुजा तेव्हा बावीस वर्षांची होती. आता त्रेचाळीसची. रात्री जेवताना तिनं धैर्यशीलला काही सांगितलं नाही. तो भाकरी मोडत म्हणाला, "आज गप्प गप्प?" ती म्हणाली, "प्रुफं फार आलीत."

नवा भाग शनिवारी सकाळीच येऊन पडायचा. रविवारपर्यंत थांबणं ही त्या दोघांची शिस्त होती. शनिवारी दुपारी धैर्यशील त्याची शाळेची बस धुवायला गेला, आणि लग्नानंतर पहिल्यांदा ऋतुजानं एकटीनं मालिका लावली.

सुरू होताच तिला कळलं. गोष्ट सुसाट सुटली. मार्तंड खांबावरच्या विजेच्या रोहित्रातून बाहेर पडला, इंदुमतीला भेटला, कुणी कुणाचं नातं सांगत बसलं नाही. अकराव्या सीझनमधल्या एका खुनाचा निसटता उल्लेख आला आणि ऋतुजाला तो लख्ख आठवला. बेचाळिसाव्या मिनिटाला भाग संपला. चांगला होता, खूपच चांगला. आठव्या सीझननंतर इतकं चांगलं काही झालं नव्हतं.

तिला रडू फुटलं. मी बरी आहे. देवा, मी बरी आहे. ती उठली, तोंडावर पाणी मारलं, आरशात स्वतःकडं बघून हसलीसुद्धा.

आणि पंच्यानं तोंड पुसता पुसता तिचे हात थांबले. घरात माणसं दोनच होती.

धैर्यशील अठ्ठेचाळीसचा होता. शहरातल्या बस एव्हाना आपल्या आपण धावत होत्या, पण यवतेश्वरच्या घाटात धुकं उतरलं की यंत्रांचे डोळे आंधळे व्हायचे, म्हणून तिथं अजून माणूसच लागायचा. पठारावरच्या वाड्यांमधून अडतीस मुलं गोळा करून सकाळी घाट उतरून शहरातल्या शाळेत आणायची, हे त्याचं बारा वर्षांचं काम. दर वर्षी त्याची तपासणी व्हायची. डोळे, रक्तदाब, साखर. सगळं ठीक. स्मरणाचं कुणी विचारत नव्हतं.

रविवारी सात वाजता ते दोघं बसले. त्यानं शेंगदाण्यांची वाटी मध्ये ठेवली. तोच भाग सुरू झाला आणि ऋतुजा पडद्याकडं न बघता नवऱ्याकडं बघू लागली.

तिला आता शिवण दिसत होती. कुठलं वाक्य मूळचं आणि कुठलं मागाहून घातलेलं, हे तिला कालच्या बघण्यामुळं ओळखता येत होतं. इंदुमती आत आली. धैर्यशीलच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तो पूर्वीसारखाच मान किंचित तिरकी करून बघत होता. पण पडद्यावर मार्तंड म्हणाला, "इंदू, तू माझी धाकटी बहीण." हे काल नव्हतं. म्हणजे आत्ता, या क्षणी, तिच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या डोक्यातून इंदुमती निसटली होती. मग खुनाचा उल्लेख आला, आणि काल चार शब्दांत आटपलेल्या त्या खुनाचा आज सबंध प्रसंग उभा राहिला. मग मार्तंडनं आईचा फोटो उचलला. "आई," तो म्हणाला, "तुला जाऊन किती वर्षं झाली." धैर्यशील समजल्यासारखा हुंकारला. आठव्या सीझनमधली ती आई, जिच्यासाठी तो गॅलरीत जाऊन रडला होता.

ऋतुजा मोजत राहिली. एकतीस, बत्तीस. प्रत्येक जादा वाक्यासरशी तिला वाटत होतं, अंधारात कुणीतरी घरातली एकेक वस्तू हलक्या हातानं उचलून नेतंय आणि घरमालक शेंगदाणे खात बसलाय. ब्याऐंशी मिनिटांनी भाग संपला.

"भारी," धैर्यशील म्हणाला. "लोकं नावं ठेवतात, पण हा सीझन मला सगळ्यात आवडला बघ. एकदम सोपा. डोक्याला ताप नाही."

"ती इंदुमती कोण रे?" तिनं शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"अगं ती आपली... ती हीच की. त्याची." तो हसला आणि वाटी उचलून स्वयंपाकघरात गेला.

सोमवारी सकाळी सहाला ती बसच्या दारात उभी राहिली. पठारावर एका लेखिकेकडं प्रुफं द्यायची आहेत, असं तिनं सांगितलं. धैर्यशीलला आनंद झाला. त्यानं तिला आपल्या मागच्या सीटवर बसवलं. दाराशी अलका मावशी होत्या, बसमधल्या मदतनीस, साठीच्या आसपासच्या.

रिकामी बस घाट चढू लागली. धैर्यशीलचे हात पूर्वीसारखेच होते. कुठल्या वळणाला किती फिरवायचं, कुठं गियर उतरवायचा, हे त्या हातांना कुणी सांगायची गरज नव्हती. ऋतुजाचा जीव हळूहळू भांड्यात पडू लागला. यंत्र चुकलं असेल. यंत्रंच ती.

पठारावर रस्त्याला पहिला फाटा फुटला. बस मंदावली. जवळजवळ थांबली.

"डावीकडं, दादा," अलका मावशी शांतपणे म्हणाल्या. बस डावीकडं वळली.

पुढच्या फाट्यावर तेच. "सरळ." मग, "हितं थांबा, हितं तिघी चढायच्यात." मग, "आता उजवीकडं." मावशींचा आवाज इतका सरावाचा होता की कुणाला वाटावं, ही दोघांची बोलायची पद्धतच आहे. ऋतुजा उठून त्यांच्याजवळ गेली. तिनं सीटचा दांडा धरला.

"मावशी, हे कधीपासून?"

मावशींनी पुढं बघितलं, मग तिच्याकडं. "दिवाळीपास्नं," त्या पुटपुटल्या. "आदी कवातरी व्हायचं. आता रोज. मी म्हनलं दमलं असत्याल. बारा वर्सांत माझ्याशी एक शब्द वाकडा बोलला न्हाई वो मानूस. कुनाला सांगू? सांगितलं तर काडून टाकत्याल त्यास्नी."

"आणि तुम्ही नाही आलात तर?"

"मी खाडाच क्येला न्हाई तवापास्नं. ताप असला तरी येती."

अडतीस मुलं भरली. घाट उतरायच्या आधी धुकं आलं. समोरची पांढरी रेघ तेवढी दिसत होती. मुलं मागं गाणं म्हणत होती. एका वळणावर ऋतुजाला समोरच्या आरशात नवऱ्याचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत जे होतं ते तिनं रविवारी पडद्यासमोर बघितलं नव्हतं. तो घाबरलेला होता. हात बिनचूक चालत होते, आणि त्या हातांचा मालक जिवाच्या आकांतानं त्यांना धरून बसला होता. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

तिला ओरडावंसं वाटलं, थांबव. पण वळणावर, धुक्यात, उतारावर थांबवायचं कुठं? ती दांडा धरून उभी राहिली. खाली शहराची घरं दिसेपर्यंत तिनं तो सोडला नाही.

शाळेच्या आवारात मुलं उतरून गेली. मावशीही उतरल्या. ऋतुजा त्याच्या शेजारी इंजिनच्या झाकणावर बसली.

"तुला किती दिवस माहिती आहे?" तिनं विचारलं.

"काय?" त्याचा आवाज चढला. "काय माहिती? वाटेत ते नवे बोर्ड लावलेत, गोंधळ होतो माणसाचा. तू काय माझी परीक्षा घ्यायला आलीस?"

"हो," ती म्हणाली.

त्यानं तोंड फिरवलं. बराच वेळ स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, "पावसाळ्यात एकदा घरचा रस्ता चुकलो. मार्केटमध्ये गाडी लावली आणि बसून राहिलो. तासभर. तुला सांगितलं, टायर पंक्चर होता." त्यानं हात स्टिअरिंगवरून काढले. "दिवसभर नुसता लपवत असतो गं. नावं, दिवस, कुठला फाटा. कुणी हाक मारली की आधी मनात येतं, हा कोण. रविवारचा तेवढा एक तास काही लपवावं लागायचं नाही. सगळं आपोआप कळायचं. मला वाटायचं, बघ, तडित समजतंय म्हणजे अजून सगळं गेलं नाही."

ऋतुजाला त्याला सांगायचं नव्हतं. पण आज सांगितलं नसतं, तर उद्या सकाळी तो परत घाट चढला असता. तिनं 'सोबत'बद्दल सगळं सांगितलं. चव्वेचाळीस मिनिटं, एकाहत्तर मिनिटं, सहा.

तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा विझत गेला. तिनं पुढचं काही म्हणायच्या आत त्यानं किल्ली काढली. ती तिच्याकडं दिली नाही. स्वतः उतरला, आवार ओलांडून कार्यालयात गेला. खिडकीतून ती बघत होती. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली, काहीतरी बोलला, आणि समोरच्या बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

तपासण्या झाल्या. आजाराला लांबलचक नाव होतं आणि ते कमी वयात येणाऱ्या प्रकारातलं होतं. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर आलात. बहुतेक लोक दोन वर्षं उशिरा येतात. इंजेक्शनांनी वेग कमी होईल. थांबणार नाही. कशावरून शंका आली, असं त्यांनी विचारलं. ऋतुजानं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे त्या कंपनीकडे सगळ्यांचं आहे," त्या म्हणाल्या. "राज्यातल्या प्रत्येक दिवाणखान्याचं." हे बोलून झाल्यावर त्या काही क्षण भिंतीवरच्या पडद्याकडं बघत राहिल्या.

शेवटचे तीन भाग राहिले होते. रविवारी सात वाजता धैर्यशील पडद्यासमोर आला, पण बसला नाही. ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढून त्यानं वरच्या कॅमेऱ्यावर दोन थर चिकटवले.

"ते बंद कर, सोबत का काय ते," तो म्हणाला.

"मग तुला कळायचं नाही."

"नाही कळलं तर तू सांग. त्यानं चोरून सांगण्यापेक्षा तू तोंडावर सांगितलेलं बरं."

तिनं बंद केलं. भाग धावायला लागला आणि दोनच मिनिटांत धैर्यशील बुडत्यासारखा तिच्याकडं वळला. "ही कोण?" तिनं थांबवलं. "इंदुमती. मार्तंडची बहीण." "हां." चालू केलं. "हे कुठं आलेत?" थांबवलं. "जुन्या वीजघरात. पहिल्या सीझनमध्ये इथल्याच खांबावर त्याच्यावर वीज पडलेली." "हां." चौथ्यांदा त्यानं इंदुमतीचं विचारलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. तिनं पहिल्यांदा सांगितलं होतं त्याच आवाजात सांगितलं. चव्वेचाळीस मिनिटांच्या भागाला दोन तास लागले, आणि तिला पहिल्यांदाच कळलं की ते यंत्र किती काम करत होतं.

दुसऱ्या रविवारी शेवटून दुसरा भाग होता. अर्ध्यात एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला. पांढरी दाढी, एक डोळा बारीक. मार्तंडनं त्याला बघून हातातली पक्कड टाकली.

"हा कोण?" धैर्यशीलनं विचारलं.

ऋतुजानं भाग थांबवला. तोंड उघडलं.

तिला तो माणूस माहीत होता. दुसऱ्या सीझनमध्ये होता, की सहाव्या? मार्तंडला तारेवर चालायला यानंच... नाही, तो दुसरा. नाव जिभेवर होतं. क वरून. की ग वरून. तिनं त्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, कपाळ, नाक, ओठ, आणि आपण काय करतोय हे ध्यानात येऊन ती नखशिखांत गार पडली.

सगळेच विसरतात. सतरा सीझन झाले, शेकडो पात्रं. तबस्सुमलाही आठवणार नाही. कऱ्हाडची मावशी म्हातारी होती. आपण त्रेचाळीसच्या.

कॅमेऱ्यावर पट्टी होती. तिच्या डोळ्यांत त्या घडीला काय होतं, हे सांगू शकणारं कुणीही त्या खोलीत नव्हतं. पट्टी काढायला हात लांब करायचा अवकाश होता. धैर्यशील तिच्या तोंडाकडं बघत वाट बघत होता.

"आठवत नाही," ती शेवटी म्हणाली.

तो थोडा सरकून तिच्या जवळ बसला, आणि पुढचं सुरू करायचं बटण त्यानंच दाबलं.